समाजमाध्यमांवर सरकारी नियंत्रण : सत्तेत असताना आणि नसताना

प्रश्न (एक वाचक, सांगली) : पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरासाठी अटक झाली, तेव्हा भारतीय जनता पक्ष केंद्रात विरोधी पक्ष होता आणि इंटरनेटवरील सरकारी निर्बंधांवर टीका करत होता. आज त्याच पक्षाचे सरकार समाजमाध्यमांसाठी एकामागून एक नियम करत आहे. मग या पक्षाची खरी भूमिका कोणती समजायची?

उत्तर : बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर नापसंती व्यक्त केली, दुसरीने तो मजकूर आवडल्याची खूण केली, आणि एवढ्यावरून दोघींना अटक झाली. त्या गुन्ह्यात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ (आक्षेपार्ह किंवा त्रासदायक ऑनलाइन मजकुराला शिक्षा ठरवणारे) हे काँग्रेसप्रणीत सरकारने आणलेल्या दुरुस्तीतून आले होते. ही दुरुस्ती डिसेंबर २००८ मध्ये लोकसभेत गदारोळात, चर्चेविना मंजूर झाली आणि विरोधी बाकांवरील भाजपनेही त्या वेळी या कलमाविरुद्ध लढा दिला नाही. पक्षाचा ठाम विरोध दिसला तो मे २०१२ मध्ये. मध्यस्थ कंपन्यांसाठी, म्हणजे लोकांचा मजकूर ठेवणाऱ्या किंवा पोहोचवणाऱ्या फेसबुकसारख्या कंपन्यांसाठी, २०११ मध्ये केलेले नियम रद्द करावेत, असा प्रस्ताव मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे पी. राजीव यांनी राज्यसभेत मांडला. विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांनी त्यावर बोलताना, १९७५ मध्ये इंटरनेट असते तर आणीबाणी पूर्णपणे फसली असती, या आशयाचे विधान केले. प्रस्ताव फेटाळला गेला, तरी त्या दिवसाची चर्चा आजही वाचण्याजोगी आहे.

२०१४ मध्ये सत्तांतर झाले. कलम ६६-अ विरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होत्या, आणि नव्या सरकारला ते कलम सोडून देण्याची संधी होती. सरकारने मात्र न्यायालयात त्याचे समर्थन केले आणि त्याचा गैरवापर होणार नाही, असे आश्वासन दिले. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने ते कलम रद्द करताना या आश्वासनाचाही समाचार घेतला. सरकारे येतील आणि जातील, कलम मात्र कायम राहील, आणि आजच्या सरकारने दिलेला शब्द उद्याच्या सरकारला बांधील नसतो, असे न्यायालयाने म्हटले. पक्ष कोणताही असो, त्याची भूमिका तपासायला मला यापेक्षा चांगली कसोटी आढळलेली नाही.

त्यानंतरची दिशा स्पष्ट आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री रविशंकर प्रसाद आणि प्रकाश जावडेकर यांनी नवे नियम जाहीर केले. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले; न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यापासून ३६ तासांत मजकूर काढण्याची तेव्हाची अट सर्वच मध्यस्थ कंपन्यांना लागू होती. परदेशी कंपन्यांनी भारतात जरूर व्यवसाय करावा, पण इथला कायदा पाळावा, ही त्यामागची भूमिका आहे आणि तिच्यात तथ्य आहे. एवढ्या मोठ्या कंपनीविरुद्ध दाद मागायला सामान्य माणसाला देशात कोणी सापडू नये, ही स्थिती योग्य नव्हतीच.

अडचण एप्रिल २०२३ च्या दुरुस्तीत आहे. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीची कोणती माहिती खोटी किंवा दिशाभूल करणारी आहे, हे सरकारनेच नेमलेल्या फॅक्ट चेक युनिटने ठरवायचे, आणि तसा शिक्का बसलेला मजकूर ठेवणाऱ्या कंपनीने, वापरकर्त्यांच्या मजकुरासाठी तिला जबाबदार न धरण्याचे कायद्याचे संरक्षण गमवायचे, अशी ती तरतूद होती. ज्याच्यावर टीका झाली, त्यानेच टीका खरी की खोटी याचा निवाडा करावा, हे न्यायाच्या कोणत्याही कल्पनेत बसत नाही. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल यांनी ही तरतूद अवैध आणि न्या. नीला गोखले यांनी वैध ठरवली. तिसरे न्यायमूर्ती अ. स. चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये न्या. पटेल यांच्याशी सहमती दर्शवली आणि तरतूद रद्द झाली.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की कंपन्यांना सरकारपुढे उत्तरदायी करायचे, ही या पक्षाची सत्तेतील खरी भूमिका आहे. त्या बळावर अधिकार वापरणारे सरकार स्वतः कोणापुढे उत्तरदायी राहील, हा २०१२ मध्ये त्याने विचारलेला प्रश्न आता तो स्वतःला विचारत नाही.

प्रश्न (एक वाचक, बेळगाव) : मग काँग्रेस किंवा डावे पक्ष या बाबतीत अधिक विश्वासार्ह आहेत का?

उत्तर : जिथे ते सत्तेत आले, तिथला अनुभव तसे सांगत नाही. २०१२ मध्ये ज्या मार्क्सवादी पक्षाच्या खासदाराने राज्यसभेत प्रस्ताव मांडला, त्याच पक्षाच्या नेतृत्वाखालील केरळ सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये पोलीस कायद्यात ११८-अ हे कलम अध्यादेशाने घातले. त्यात मानहानिकारक मजकुरासाठी ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती, म्हणजे कलम ६६-अ मध्ये होती तेवढीच. चौफेर टीकेनंतर अवघ्या काही दिवसांत सरकारने माघार घेतली, याचे श्रेय द्यायला हवे. काँग्रेसने २०२४ च्या जाहीरनाम्यात इंटरनेटच्या स्वातंत्र्यासाठी कायदा करण्याचे आणि मनमानी इंटरनेटबंदी रोखण्याचे आश्वासन दिले. पुढच्याच वर्षी आपल्या कर्नाटकात त्याच पक्षाच्या सरकारने खोट्या बातम्यांविरुद्धच्या विधेयकाचा मसुदा तयार केला, त्यात ७ वर्षांपर्यंत कैद सुचवलेली होती. पश्चिम बंगालमध्ये तृणमूल काँग्रेसच्या राजवटीत, २०१२ मध्ये मुख्यमंत्र्यांवरील व्यंगचित्र ई-मेलने पुढे पाठवल्याबद्दल एका प्राध्यापकाला अटक झाली आणि त्या खटल्यातून सुटायला त्यांना २०२३ उजाडावे लागले.

प्रश्न (एक वाचक, धुळे) : आमच्या जिल्ह्यातील राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी व्हॉट्सॲपवरील अफवेमुळे पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. अशा घटनांनंतरही नियंत्रण नको म्हणायचे का?

उत्तर : नियंत्रण नको, असे मी म्हणत नाही, आणि राईनपाड्याचे नाव घेऊन तसे कोणीही म्हणू नये. पोट भरण्यासाठी गावोगाव फिरणारी डवरी गोसावी समाजाची ती पाच माणसे मुले पळवणारी टोळी असल्याच्या संशयावरून मारली गेली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठवण्यास प्रतिबंध केला. या उपायात कोणाचे मत दडपले जात नाही, फक्त अफवेचा वेग कमी होतो. संमतीविना पसरवलेली खासगी छायाचित्रे तक्रारीनंतर ठरावीक मुदतीत (२०२१ मध्ये ती २४ तास होती) हटवण्याचा नियमही मला पूर्णपणे मान्य आहे, कारण तिथे हानी उघड असते आणि तक्रार पीडित व्यक्तीची असते.

माझा आक्षेप गुप्ततेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली मजकूर रोखण्याचा सरकारचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वैध ठरवला, तो आदेशाची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, या अटी पाहून. प्रत्यक्षात २००९ च्या नियमांतील गोपनीयतेच्या तरतुदीमुळे आपले लेखन का हटले, हे लिहिणाऱ्याला बहुधा कळतच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने २०२१ च्या नियमांतील, मजकूर हटवण्याविषयीच्या नियम ३(१)(ड) मध्ये बदल करून, मजकूर हटवण्याची सूचना ठरावीक वरिष्ठ दर्जाच्या अधिकाऱ्यानेच द्यावी, तिच्यात कारणे नमूद असावीत आणि अशा सूचनांचा दरमहा आढावा घ्यावा, अशी तरतूद केली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण तो आढावा सरकारचाच अधिकारी घेणार आहे, आणि बाहेरच्या कोणाची नजर त्यावर असणार नाही.

प्रश्न (एक वाचक, नाशिक) : नवा नियम येतो तेव्हा सामान्य नागरिक काय करू शकतो?

उत्तर : इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय अनेकदा मसुदा संकेतस्थळावर ठेवून हरकती मागवते. मुदत थोडी असते, म्हणून एखाद्याच कलमावर, पण नेमके लिहावे. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार असे नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे एकूण ३० दिवस ठेवावे लागतात, आणि त्यांत बदल करण्याचा किंवा ते रद्द करण्याचा अधिकार संसदेला आहे. तो क्वचितच वापरला जातो. आपल्या खासदाराचा पक्ष कोणताही असो, नियम पटलावर आल्यावर तो वाचला का आणि त्यावर काय भूमिका घेतली, हे त्यांना पत्राने विचारा आणि उत्तर लेखी मागा.