वार तुझा, घाव माझा: ‘गॉडमोडिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: मजकुरातून खेळल्या जाणाऱ्या एका रोलप्ले गटासाठी (म्हणजे जिथे प्रत्येकजण एकेक पात्र घेऊन त्याची खेळी लिहितो) झुंजीची नियमावली मराठीत लिहायची आहे. ‘गॉडमोडिंग’, ‘पॉवरप्लेइंग’, ‘मेटागेमिंग’ यांना काय म्हणावं? की सगळ्यांना मिळून ‘रडीचा डाव’ म्हटलं तरी चालेल?

सगळ्यांना मिळून नाही चालणार. बाद झालेला गडी ‘झालोच नाही’ म्हणून अडून बसतो, ती रडी. रोलप्लेत पाच वार झाले आणि पाचही वेळा ‘मी चपळाईने बाजूला सरकतो’ असंच उत्तर आलं, तर तो गडी रडी खातोय. (मार खायला तयार नाही म्हणून रडी खातो, खाणं काही सुटत नाही.) इथवर ‘गॉडमोड’ आणि ‘रडी’ यांचं बरं जमतं. 1993च्या ‘डूम’ या व्हिडिओ गेममध्ये आयडीडीक्यूडी ही अक्षरं टंकली की गोळ्या लागूनही इजा होत नसे, आणि ‘गॉडमोड’ म्हणतात ती सोय हीच. रोलप्लेवाल्यांनी मात्र हा अर्थ ताणला. आपल्या पात्राला काही होत नाही यावर न थांबता समोरच्याच्या पात्राचं काय झालं हेही स्वतःच लिहून मोकळं होणं, यालाही ते गॉडमोडिंगच म्हणतात. त्याला रडी म्हणता येत नाही. रडणारा हरलेला असतो. हा तर विचारण्याआधीच जिंकलाय.

या दुसऱ्या खोडीसाठी नवा शब्द घडवण्याआधी ‘वार’ आणि ‘घाव’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. वार करतात, तो हुकतो, वाया जातो, चुकवता येतो, ढालीवर घेता येतो. घाव बसतो, लागतो, वर्मी लागतो, सोसावा लागतो. ‘घाव घालणे’ आहे खरं, पण तिथेही ‘एक घाव दोन तुकडे’. निकाल सोबत आलाच. वार ही कृती आहे, घाव हा परिणाम. म्हणून नियमावलीचं पहिलं कलम एका ओळीत बसतं: वार करणाऱ्याने वार लिहावा, घाव ज्याला बसणार त्याने लिहावा.

‘कान्हा तलवार फिरवून जगूचा हात मनगटापासून तोडतो’ हे चूक. ‘कान्हा डावा पाय पुढे टाकतो आणि जगूच्या उजव्या मनगटावर आडवा वार करतो’ हे बरोबर. शस्त्र, दिशा आणि नेम तिन्ही कळले, निकाल मात्र शिल्लक आहे. आता जगू मनगट मागे घेईल, वार ढालीवर झेलेल, ओरखड्यावर निभावेल किंवा पुरता घाव सोसेल; त्याची खेळी. दिशा आणि नेम न सांगता नुसतं ‘जोरदार हल्ला करतो’ लिहिलं, की समोरच्याला नेमकं काय चुकवायचं हेच कळत नाही. भांडणं बहुतेक तिथूनच सुरू होतात.

मराठीत लिहिताना एक सापळा आहे. आपल्या बऱ्याच क्रियापदांच्या पोटात निकाल दडलेला असतो: तोडणे, फोडणे, पाडणे, भोसकणे. त्यात ‘टाकणे’ जोडलं, ‘ढकलून टाकतो’, की संपलंच. उगारणे, (शस्त्र) रोखणे, फेकणे, झेपावणे, हूल देणे ही क्रियापदं निर्धोक आहेत. अगदीच अडलं तर ‘पाडू पाहतो’, ‘मारायला जातो’. पण प्रत्येक वाक्यात ‘पाहतो’ आलं की झुंज मिळमिळीत होते. ‘मारणे’ तर दोन्हीकडून चालतं. ‘त्याला दगड मारला, पण लागला नाही’ हे सरळ मराठी आहे. ‘त्याला दगडाने मारलं, पण लागलं नाही’ म्हटलं तर मार बसला, फक्त इजा झाली नाही, असा अर्थ निघतो. फरक कर्माचा आहे: पहिल्यात दगड मारला जातो, दुसऱ्यात माणूस. वार लिहिताना कर्माच्या जागी शस्त्र ठेवावं, माणूस नव्हे. नवख्याला समजावायला हा एवढा दाखला पुरतो.

या खोडीला नाव हवंच असेल तर ‘परस्पर’ कामाला येतो. ‘जमीन परस्पर विकली’ मधला परस्पर, म्हणजे संबंधित माणसाला न विचारता. मात्र ‘परस्पर घाव’ असं विशेषण करू नका, ते दोघांनी एकमेकांना घातलेले घाव वाटतात. ‘घाव परस्पर लिहू नये’ असं क्रियाविशेषण ठेवलं की गोंधळ नाही. घावाच्या पलीकडे जाऊन समोरच्याचं पात्र चालवणं, बोलवणं, शरण आणणं, म्हणजे पॉवरप्लेइंग, याला सारीपाटातलं तयार वर्णन आहे: दुसऱ्याची सोंगटी हलवणं.

मेटागेमिंग म्हणजे खेळणाऱ्याला ठाऊक असलेली, पण पात्राला ठाऊक नसलेली गोष्ट पात्राने वापरणं. त्याला ‘अधिखेळ’ वगैरे शब्द सुचवले जातात. ते वाचून कुणालाच काही कळत नाही. इथे नाटकाची परिभाषा उपयोगी पडते. स्वगत प्रेक्षकांना ऐकू येतं, बाजूला उभ्या नटालाही येतं, फक्त त्या नटाच्या पात्राला येत नाही. रोलप्लेत तंतोतंत हेच होतं. ‘बुटात सुरी आहे हे याला ठाऊक नाही, असं जगू मनाशी म्हणतो’ हे कान्हा खेळवणाऱ्याने वाचलं, आणि पुढच्या खेळीत कान्हा थेट बुटावर पाय देतो. याला ‘स्वगत ऐकणं’ म्हणा. दुहेरी कंसात चाललेल्या खेळाबाहेरच्या गप्पा पात्राच्या तोंडी घालणं हाही त्यातलाच प्रकार. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ (जीटीए) या व्हिडिओ गेमच्या रोलप्ले सर्व्हरांवर ‘न्यू लाइफ रूल’ असतो, मेलेलं पात्र परतलं की मरणाआधीचा प्रसंग त्याला आठवता कामा नये. तो मोडणाऱ्याला आपल्याकडे जुना, नेमका शब्द आहे: जातिस्मर, म्हणजे मागचा जन्म आठवणारा.

‘अंचई’ वेगळी ठेवा. रडी उघड खातात, अंचई लपून करतात. उत्तर आल्यावर मागची खेळी गुपचूप दुरुस्त करणं, पात्राच्या नोंदीत नसलेलं शस्त्र मधेच काढणं ही अंचई. झुंज चालू असताना लॉगआउट होणं म्हणजे डाव मोडणं. खरोखर काम निघालं तर ‘टॅम्प्लीज’ आहेच.

पात्र मरू शकेल अशी झुंज दोघांच्या संमतीनेच लावतात. तिला ‘निकाली’ म्हणावं, कुस्तीच्या मैदानातली निकाली. नवख्याच्या पात्राला पहिले काही दिवस इजा करायची नसेल तर ते ‘कच्चं लिंबू’, एवढं लिहिलं की खुलासा लागत नाही.

फाशांवर खेळणारे गट असतील तर पडतं ते ‘दान’. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या धर्तीवर वीस बाजूंचा फासा टाकला, दान 13 पडलं, त्यात पात्राच्या कौशल्याचे 4 मिळून 17, समोरच्याचा बचाव 16: वार लागला. पण लागला एवढंच. किती लागला हे वेगळं दान ठरवतं. लांब तलवारीला आठ बाजूंचा फासा असतो. पहिल्याच दानावर मुंडकं उडवलं तर तो घाव परस्परच झाला, फासा टाकला म्हणून नियम सुटत नाही. आणि वीसच्या वीस पडले तर त्याला ‘पौबारा’ म्हणायचा मोह होईल. सारीपाटातलं ते मोठं दान, शब्दही झोकदार. पण आज ‘जगूचा पोबारा’ म्हटलं की वाचणारा समजेल, जगू पळाला.