कार्पल टनेल सिंड्रोमच्या वेदनांवर फिजिओथेरपीचे कोणते उपचार खरोखर उपयोगी पडतात?

शिवणकाम करताना उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होतात, रात्री हात झटकत उठावे लागते, डॉक्टरांनी कार्पल टनेल सिंड्रोमचे निदान केले आहे, आणि शस्त्रक्रियेआधी फिजिओथेरपी करून पाहावी का, असे आपण विचारले आहे. मी फिजिओथेरपिस्ट असून असे रुग्ण नेहमी तपासते. त्रास सौम्य किंवा मध्यम असेल, तर अवश्य करून पाहावी. मात्र बरेच रुग्ण यंत्रांच्या शेकावर पैसे खर्च करतात आणि सर्वांत साध्या उपचाराकडे, म्हणजे मनगट स्थिर ठेवण्यासाठी रात्री बांधायच्या आधारपट्टीकडे (स्प्लिंटकडे), दुर्लक्ष करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मनगटात तळव्याच्या बाजूला हाडे आणि एक जाड अस्थिबंध यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकवणाऱ्या 9 कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) आणि मीडियन नर्व्ह, म्हणजे अंगठा व शेजारच्या बोटांना संवेदना देणारी मज्जातंतूची नस, एकत्र जातात. बोगद्यातील दाब वाढून ही नर्व्ह दबली की बोटे बधिर होतात, हाच कार्पल टनेल सिंड्रोम. संशोधक गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार, मनगट सरळ असताना या बोगद्यातील दाब रुग्णांमध्ये सरासरी 32 मिलिमीटर पारा, तर निरोगी व्यक्तींमध्ये 2.5 होता, रुग्णांनी मनगट पुढे किंवा मागे पूर्ण वाकवले की तो 90 च्याही वर जात असे. झोपेत आपण नकळत मनगट दुमडून ठेवतो, म्हणून रात्री त्रास वाढतो आणि म्हणूनच स्प्लिंटचा उपयोग होतो. बाजारातील बहुतेक तयार स्प्लिंटमधली धातूची पट्टी मनगट थोडे मागे झुकेल अशी वाकवलेली असते. ती काढून जवळजवळ सरळ करून घ्यावी. बोटे मोकळी राहिली पाहिजेत आणि पट्टे करकचून आवळू नयेत. किमान सहा आठवडे रोज रात्री बांधल्याशिवाय उपयोग झाला नाही असे ठरवू नये.

त्याच्या जोडीला नर्व्ह आणि कंडरा बोगद्यात मोकळ्या सरकाव्यात यासाठीचे व्यायाम शिकवले जातात. मूठ मिटणे, बोटे सरळ करणे, मनगट हळूहळू मागे नेणे, अंगठा बाजूला उघडणे, तळवा वर फिरवणे असा त्यांचा क्रम असतो. हे ताणाचे व्यायाम नाहीत. मुंग्या आल्या आणि हात सैल सोडताच त्या गेल्या नाहीत, तर आपण जास्त जोर लावत आहात असे समजावे. पहिल्यांदा ते समोर बसून शिकावेत, व्हिडिओ पाहून नव्हे.

हातांनी केले जाणारे उपचार, म्हणजे मनगटाची हाडे हलकेच हलवणे आणि मानेपासून तळव्यापर्यंत नर्व्हच्या मार्गावरील मऊ ऊती सैल करणे, यांना मी यंत्रांपेक्षा अधिक मोल देते. स्पेनमध्ये 100 महिलांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा उपचारांच्या गटाची हाताची कार्यक्षमता पहिल्या महिन्यानंतर शस्त्रक्रियेच्या गटापेक्षा चांगली होती आणि वर्षअखेरीस दोन्ही गट सारखेच होते. अल्ट्रासाउंडचा, म्हणजे यंत्राने ध्वनिलहरी देऊन केलेल्या उपचाराचा, पुरावा त्यामानाने कमकुवत आहे. मेणाच्या शेकाने तात्पुरते बरे वाटते, परंतु बोटे बधिर असताना चटका कळत नाही, विशेषतः मधुमेह असेल तर.

कामाची पद्धतही बदलावी लागेल. जाड कापड एका दमात कापू नये, कात्री धारदार ठेवावी, कापताना मनगट बोटांच्या रेषेत ठेवावे आणि मध्ये थांबून हात सैल सोडावा. घरी कणीक मळणे व कपडे पिळणे ही कामे काही आठवडे दुसऱ्यांनी करावीत, असे मी घरच्यांनाच सांगते. रक्तातील साखर आणि थायरॉईड तपासले नसेल, तर तपासून घ्यावे. करंगळीही बधिर होत असेल किंवा मान दुखत असेल, तर मानेची तपासणी आवश्यक आहे.

बधिरपणा दिवसरात्र राहू लागला, हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसू लागला, तर फिजिओथेरपीत वेळ न घालवता नर्व्ह कंडक्शन टेस्ट (नर्व्हमधून संदेश किती नीट जातात याची तपासणी) करून हाताच्या शल्यचिकित्सकांना भेटावे. सुकलेला स्नायू नंतरच्या शस्त्रक्रियेने पूर्ववत होईलच असे नाही.