बेल्ट चालू का होता, हे आधी विचारा

ताई, तुम्ही लिहिलंय की भावाचं उजव्या हाताचं मधलं बोट खडी क्रशरच्या टेल ड्रममध्ये, म्हणजे माल वाहणारा बेल्ट मागच्या टोकाला ज्या रोलरवरून वळतो त्यात, गेलं, पहिल्या पेरापासून काढावं लागलं, शेजारच्या बोटाला टाके आहेत, आणि मालक म्हणतो की त्याचाच निष्काळजीपणा, चालू मशीनला हात लावायला कुणी सांगितलं होतं. तुमचा प्रश्न असा की बरा झाल्यावर त्याने परत त्याच कामावर जावं का, आणि गेलाच तर काय काय सांभाळायचं. मी आधी फिटर आणि मग सुपरवायझर मिळून वीसेक वर्षं खडी क्रशरवर आणि खाणीत काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर लांबू दे, पण भावालाही वाचायला द्या.

मालकाच्या त्या शब्दापासूनच सुरू करतो. खाणीत कुणाचं बोट गेलं, पाय गेला, जीव गेला, तरी पहिला शब्द निष्काळजीपणा हाच येतो, आणि घरचे लोकपण तो खरा धरून गप्प बसतात. तुम्ही गप्प बसू नका. एवढंच विचारा की त्याचा हात तिथे होता तेव्हा बेल्ट चालू का होता, आणि ड्रमवर गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावतात ते झाकण, का नव्हतं.

चालू बेल्टला हेल्पर हात का लावतो ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. ओला चुरा बेल्टला चिकटतो आणि बेल्टच्या खालच्या बाजूने परत येऊन टेल ड्रमवर थर धरतो. थर एका बाजूला जास्त झाला की बेल्ट सरकायला लागतो, त्याचा काठ फ्रेमला घासून फाटतो. साफ करायला बेल्ट थांबवावा तर वरचा सगळा माल तसाच राहतो, भरलेला बेल्ट परत चालू करताना मोटर ट्रिप होते, मग फावड्याने तो सगळा माल खाली ओढा, तोपर्यंत क्रशर बंद, डंपर रांगेत उभे, आणि वरून शिव्या. म्हणून चालू बेल्टवरच खरवडायची सवय पडते. कुणी तसं तोंडाने सांगतही नाही, नवा पोरगा आधीच्या हेल्परला बघून शिकतो. तुमच्या भावाचंही असंच झालं असणार असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

मी फिटर म्हणून नवा होतो तेव्हाचं एक सांगतो. मी दहा पावलांवर ग्रीस मारत होतो आणि एक विशीतला पोरगा टेल ड्रमजवळ खोऱ्याने चिखल काढत होता, हातात कापडी हातमोजे. क्रशरच्या आवाजात मला त्याचं ओरडणं ऐकूच आलं नाही, दिसलं ते एवढंच की खोरं उडून पलीकडे पडलं आणि तो ड्रमकडे वाकलाय आणि वाकूनच राहिलाय. बेल्टच्या बाजूने ओढायची दोरी असते ना, ओढली की बेल्ट थांबतो, ती मी ओढली तर हातात सैल आली, कधीची तुटून नुसती खांबाला गुंडाळून ठेवलेली होती. पॅनलपर्यंत धावत जाऊन बंद करेपर्यंत कोपरापर्यंत हात गेला होता. हातमोज्याचं टोक आधी अडकलं आणि त्याने हात आत खेचला. फिरत्या भागाजवळ हातमोजे, लोंबणारी बाही, गळ्यातला रुमाल, अंगठी यातलं काहीही नको, हे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या माणसाला सांगत आलोय.

आणि ‘पटकन हात काढून घेईन’ हा भ्रम आहे. धोका कळून बोटं उघडेपर्यंत पाव सेकंद तरी जातो, सेकंदाला २ मीटर वेगाने चालणारा बेल्ट तेवढ्यात अर्धा मीटर पुढे गेलेला असतो.

त्या अपघातानंतर तिथे तीन गोष्टी झाल्या. ड्रमला चारी बाजूंनी जाळीचं गार्ड बसलं, ग्रीसच्या निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला, पाइप जोडून तो गार्डच्या बाहेर आणला म्हणजे ग्रीस मारायला गार्ड काढावं लागत नाही, आणि वर हेड ड्रमला, म्हणजे बेल्टच्या पुढच्या टोकाच्या ड्रमला, बेल्ट खरवडणारा रबरी स्क्रॅपर लावला म्हणजे चिखल खाली यायच्या आधीच पडतो. झालं. त्यानंतर तिथे हात घालायची गरजच उरली नाही. तो पोरगा आधी होता तसाच सावध किंवा बेसावध असता तरी त्याचा हात वाचला असता. हे काम वेल्डरच्या एक-दोन दिवसांचं होतं, याचा मला अजून त्रास होतो.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते भावाने सगळ्यात जास्त हीच लक्षात ठेवावी. मी बघितलेल्या वाईट जखमांपैकी बहुतेक मशीन नीट चालताना झालेल्या नाहीत, काहीतरी अडकलंय, साफ करायचंय, बदलायचंय तेव्हा झाल्यात. आणि तेव्हा लोक म्हणतात ‘बंद केलं होतं की’. स्विच बंद केला म्हणजे मशीन मेली असं नसतं. जॉ क्रशरचं, म्हणजे दोन लोखंडी जबड्यांत दगड चिरडणाऱ्या मशीनचं, फ्लायव्हील हे जड चाक करंट गेल्यावरही बराच वेळ फिरतं. ते थांबलं तरी दोन जबड्यांमध्ये अडकलेला दगड दाबाखाली असतो, त्याला पहार लावून हलवला की दगड सुटतो, जबडा हलतो, आणि पहार हातातून निसटून माणसाच्या छातीवर नाहीतर तोंडावर बसते. चढावरचा भरलेला बेल्ट बंद केल्यावर मागे घसरू शकतो. डंपरची उचललेली ट्रॉली हायड्रॉलिकचा पाइप फुटला की खाली येते, म्हणून टेकण लावल्याशिवाय तिच्याखाली डोकंसुद्धा घालायचं नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुम्ही आत असताना दुसरा माणूस पॅनलवरून चालू करतो. पाळी बदललेली असते, त्याला माहीतच नसतं. यावर उपाय एकच, मेन स्विचला कुलूप. आत जाणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं वेगळं कुलूप आणि चावी त्याच्याच खिशात, चौघं आत असतील तर चार कुलपं. कुलूप लावल्यावर एकदा स्टार्टचं बटण दाबून बघायचं की खरंच चालू होत नाही ना, मगच आत. ‘चालू करू नका’ अशी पाटी लावून भागत नाही, पाटी वाऱ्याने पडते आणि तोंडी सांगितलेलं आवाजात विरून जातं.

दगड मुळात अडकतो का हेही बघा. जबड्याच्या तोंडाच्या साधारण ८० टक्क्यांपेक्षा मोठा दगड आत सोडायचाच नाही असा साधा नियम आहे. पण टनाचा हिशोब मागे लागला की मोठा दगड बाजूला काढून फोडायला कुणाला वेळ नसतो, तो हॉपरमध्ये, म्हणजे क्रशरच्या वरच्या माल ओतायच्या टाकीत, ढकलला जातो आणि तासाभराने कुणीतरी घण घेऊन जबड्यात उतरतो. म्हणजे खाली जबड्यात जो जखमी होतो त्याची चूक वर लोडिंगला झालेली असते. अडकलेला दगड वरून हुक लावून किंवा दगड फोडणाऱ्या ब्रेकर मशीनने काढायचा, आत उभं राहून कधीच नाही.

हॉपरबद्दल वेगळं सांगतो कारण तिथे धोका दिसत नाही. वरून माल घट्ट दिसतो, खाली पोकळी झालेली असते, माणूस वर उभा राहून टोचायला गेला की मालासकट खाली जातो. छातीपर्यंत रेतीत गेलेल्या माणसाला नुसतं ओढून काढता येत नाही, आणि प्रत्येक श्वास सोडताना भोवतीचा माल आणखी आवळत जातो. दोरी, हार्नेस आणि बाहेर बघणारा माणूस नसेल तर भावाने सरळ नाही म्हणायचं.

डंपर आणि लोडरच्या बाबतीत एवढंच की ड्रायव्हरला जवळचा माणूस दिसत नाही, तुम्हाला त्याचे डोळे दिसत नसतील तर त्याला तुम्ही दिसत नाही असं धरून चाला. माल ओततात त्या कडेला बांध हवा, सगळ्यात मोठ्या गाडीच्या चाकाच्या निम्म्या उंचीएवढा तरी. खाणीची भिंत खालून पोखरलेली असेल किंवा पाऊस होऊन गेला असेल तर तिच्या पायथ्याशी थांबायचं नाही. सुरुंगाच्या जुन्या उरलेल्या भोकात ड्रिल कधीच घालायचं नाही, आत न उडालेली दारू असू शकते. आणि हे मोठे अपघात सोडले तरी कॅबिनमधून उडी मारून गुडघा जाणं, प्लेट उचलताना कंबर जाणं, चुऱ्यावरून घसरणं हे रोजचंच असतं आणि त्याची कुठे नोंदसुद्धा होत नाही.

आता धूळ. तुम्ही ती विचारलेली नाही, पण बोट गेलेलं सगळ्यांना दिसतं आणि फुप्फुस गेलेलं दहा-पंधरा वर्षांनी कळतं, म्हणून मी हीपण इजाच समजतो. दगडात क्वार्ट्झ असेल तर त्याची बारीक धूळ म्हणजे सिलिका. वाळूच्या दगडात ती खूप असते, ग्रॅनाइटमध्ये बऱ्यापैकी, चुनखडीत आणि बेसॉल्टमध्ये बरीच कमी, त्यामुळे भाऊ कुठला दगड फोडतो हे आधी विचारा. डोळ्यांना दिसणारा धुरळा नाकात अडकतो, फुप्फुसाच्या तळाशी जाते ती न दिसणारी धूळ. अमेरिकेने २०१६ मध्ये कामगारांसाठी जी मर्यादा घातली ती आठ तासांच्या सरासरीने एका घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम आहे. मिठाच्या एका बारीक कणाचं वजन साधारण तेवढंच असतं, यावरून अंदाज घ्या. या धुळीने सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही, काम सोडल्यावरही वाढू शकतो, आणि असं फुप्फुस टीबीला लवकर बळी पडतं. कॅन्सर संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९७ मध्ये ही धूळ माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात घातली. बऱ्याच जणांच्या एक्स-रेवर डाग दिसले की थेट टीबी म्हणून औषधं सुरू होतात, टीबी असेल तर ती घ्यायलाच हवीत, पण डॉक्टरला ‘मी क्रशरवर इतकी वर्षं काम करतो’ हे स्वतःहून सांगायचं, नाहीतर सिलिकोसिसचा विचारच कुणी करत नाही.

तोंडाला रुमाल बांधून ही धूळ थांबत नाही. चांगला मास्कसुद्धा दाढीवर नीट बसत नाही, कडेने हवा आत येते. खरा उपाय पाणी. ड्रिलमधून पाणी, जबड्याच्या तोंडावर फवारा, आणि बेल्टवरून माल पडतो तिथे फवारा आणि झाकण. हे काही नवीन शोध नाहीत, पोकळ ड्रिलमधून पाणी सोडायची युक्ती लेनर नावाच्या माणसाने १८९७ च्या सुमारास काढलेली आहे, कारण त्या वेळच्या कोरड्या ड्रिलला कामगार ‘बायकांना विधवा करणारी मशीन’ म्हणायचे. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झाडायची सवय असेल तर ती आजच बंद करा.

आवाजाचं आणि हादऱ्याचं थोडक्यात. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे खडी चाळायच्या १०० डेसिबलच्या जाळीजवळ पंधरा मिनिटांत दिवसाचा कोटा संपतो. कानातले प्लग घालायचेच. ड्रिल धरणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरी पडतात, बधिर होतात, हे १९१८ मध्ये ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी अमेरिकेतल्या चुनखडीच्या खाणीतल्या कामगारांमध्ये तपासून लिहून ठेवलंय. भावाचा हात आता आधीच जखमी आहे, त्याने ड्रिलचं काम काही महिने तरी घेऊ नये आणि घेताना डॉक्टरला विचारून घ्यावं.

पुढे कुणाचं बोट तुटलं तर तुटलेला भाग स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, आणि ती पिशवी बर्फ टाकलेल्या पाण्यात ठेवायची. थेट बर्फावर ठेवला तर पेशी मरतात आणि मग जोडता येत नाही. डोळ्यात कपची रुतली असेल तर काढायची नाही, वर कपासारखं काहीतरी उलटं ठेवून, डोळा न दाबता दवाखाना गाठायचा. दगडाखाली पाय नुकताच अडकला असेल तर लगेच सोडवा, पण तासाभरापेक्षा जास्त दबून राहिला असेल तर सोडवायच्या आधी डॉक्टर किंवा ॲम्ब्युलन्सची माणसं हवीत, कारण दाब सुटताच दबलेल्या स्नायूंमधलं पोटॅशियम रक्तात येऊन हृदय बंद पडू शकतं.

कागद आत्ताच गोळा करा. दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरवर ‘कामावर असताना बेल्टमध्ये हात गेला’ असं लिहिलंय का बघा, नसेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विनंती करून नोंद करून घ्या. त्या ड्रमचा फोटो, हजेरीचा पुरावा, बघणाऱ्या दोघांची नावं. महिन्याभरात तिथे गार्ड बसेल आणि मग म्हणतील ते आधीपासूनच होतं.

परत जावं का, यावर माझं मत असं. घर त्याच्या पगारावर चालत असेल तर मी लांबून ‘सोड’ म्हणणं बरोबर नाही. पण जायच्या आधी तुम्ही किंवा त्याने जाऊन तीनच गोष्टी बघाव्यात: ड्रमला गार्ड आहे का, बेल्टची दोरी ओढल्यावर बेल्ट खरंच थांबतो का, आणि मेन स्विचला त्याचं स्वतःचं कुलूप लावू देतात का. तिसऱ्याला नाही म्हणाले तर माझ्या मते जाऊ नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९५ चा १७६ नंबरचा करार खाणीसाठी आहे, त्यात दगड फोडणं आणि भरडणंही धरलंय, आणि गंभीर धोका वाटायला रास्त कारण असेल तर कामगाराला ती जागा सोडून बाहेर यायचा हक्क त्यात लिहिलाय. तुमच्या देशाने तो करार मान्य केला असो वा नसो, मागणी करताना त्याचा आधार घेता येतो.

टाके निघाल्यावर बोटं आखडू नयेत म्हणून डॉक्टर सांगतील ते व्यायाम चुकवू नका, त्याला दुखतं म्हणून तो टाळेल. आणि जमलं तर त्या टेल ड्रमचा दोन्ही बाजूंनी फोटो टाका, बेल्टची रुंदी आणि ग्रीसचा निपल कुठे आहे ते दिसेल असा. गार्ड कसं बनवायचं त्याचं चित्र मी काढून देतो, कुठलाही वेल्डर करेल.