संकष्टी, सुरमई आणि सौभद्र

प्रश्न : वैनी, आम्ही पाचजणी शाळेपासूनच्या मैत्रिणी, सगळ्या पावस परिसरातल्या. येत्या शनिवारी रत्नागिरीला सावरकर नाट्यगृहात ‘संगीत सौभद्र’ आहे, रात्री नऊला. आधी मांडवीवर जाऊ, मग झकास जेवू, मग नाटक, असं ठरवून तिकिटं काढली. आता लक्षात आलं की त्या दिवशी संकष्टी! दोघींचा उपास, चंद्रोदय नऊ-वीसच्या पुढे. दुसऱ्या दोघी म्हणतात, रत्नागिरीला जाऊन सुरमईचं ताट नाही तर जायचंच कशाला? उपासवाल्या म्हणतात, आम्ही मांडवीवरून चंद्र बघून मागाहून नाट्यगृहात येतो. मी मधली. चार दिवस फोनवर नुसती खडाजंगी चालू आहे. काय करू?
— एक वाचक, पावस

उत्तर : पहिलं म्हणजे मांडवीवरून चंद्र उगवताना दिसायचा नाही गो. तिथे समोर पश्चिम. संकष्टीचा चंद्र येतो आपल्या पाठीमागून, सह्याद्रीच्या अंगाने. मांडवीवर सूर्यास्त बघा, भेळ खा आणि निघा.

आता जेवणाचं. चंद्रोदय पुढेमागे करता येत नाही, तिसरी घंटाही नाही. हलवता येतं ते जेवण.

मी वीस वर्षं खाणावळ चालवली. गावात नाटक आलं की मंडळींचं जेवण पुष्कळदा माझ्याकडे असे. सुरुवातीला मी हौसेने संध्याकाळीच साग्रसंगीत स्वयंपाक करून ठेवला होता. गाणाऱ्या मंडळींनी ताटाकडे बघून हात जोडले. पाचच्या सुमाराला मऊ भात, तूप, मेतकूट, एवढंच. ताक नको, सोलकढी नको, तळलेलं तर नकोच. खरी पंगत बसायची प्रयोग संपल्यावर, रात्री दीडला. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, भाजलेला पापड. बलरामाच्या कानामागे रंग तसाच असायचा आणि तो तिसरी भाकरी मागायचा. जो गाणार तो भरल्या पोटी गात नाही, मग ऐकणारीने तरी चार वाट्या भात रिचवून का बसावं?

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. एकदा आम्ही चौघी अशाच, आधी जेवून, याच नाटकाला गेलो होतो. बांगड्याचं तिखलं, तळलेली सुरमई, वर दोन-दोन पेले सोलकढी. नांदी झाली, नारद येऊन गेला, आणि माझ्या शेजारणीची मान माझ्या खांद्यावर. काळोख, गार हवा, मंद ऑर्गन, पोटात भात. तिची तरी काय चूक? घटोत्कच गर्जना करत आला तेव्हा ती दचकून उठली आणि ‘अगो बाय, कोण मेलं?’ असं मोठ्याने म्हणाली. चार रांगा हसल्या. घटोत्कचही हसला असावा, मिशीमुळे कळलं नाही. त्या रात्री तिने अर्जुन संन्यासी झालेला बघितला, का झाला ते तिला आजतागायत माहीत नाही.

म्हणून सांगते, सुरमईवाल्यांनी आपलं ताट दुपारी खावं. पाचहीजणी एकत्र दुपारीच निघत असाल तर प्रश्नच मिटला. त्या जेवतील, उपासवाल्या साबुदाण्याची खिचडी नाहीतर वरीचे तांदूळ खातील, एकाच टेबलावर. कुणाला चालत नसेल तर टेबलं दोन करा, मैत्री एकच ठेवा. बिलाचं म्हणशील तर जिचं ताट तिचे पैसे, गाडीचं भाडं सगळ्यांचं. यावर जास्त बोलू नका.

उपासवाल्यांसाठी डबा न्या. चंद्रोदयानंतर सोडायचा उपास चंद्रोदयाच्या मिनिटालाच सोडला पाहिजे असं थोडंच आहे? कालनिर्णयात रत्नागिरीची वेळ मुंबईहून निराळी छापलेली असते, ती बघून ठेवा. घरच्या गणपतीला नैवेद्य सासूबाई दाखवतील. विचारून तर बघा, आपल्याला वाटतात तेवढ्या त्या कडक नसतात. मध्यंतर होईल तेव्हा चंद्र चांगला वर आलेला असेल. बाहेर अंगणात या, पूर्वेला बघा, नमस्कार करा आणि डबा उघडा. एकवीस मोदक करा म्हणजे बाकीच्या तिघींनाही पुरतील. मोदक डब्यात गरम भरू नका, पाणी सुटून चिकटतात. आधी ताटात पसरून निवू द्या, डब्यात खाली केळीचं पान घाला. तूप वेगळ्या बाटलीत. आत नेऊन खाऊ नका मात्र, खुर्च्यांना तूप लागतं आणि डोअरकीपर खरंच ओरडतो.

आणि नऊचं नाटक म्हणजे पावणेनऊला खुर्चीत. ‘मागाहून येतो’ हे सौभद्राला चालत नाही. त्यातली अर्धी गंमत नांदीत आहे: पडद्यामागून सूर येतो, पडदा वर जातो, सगळी मंडळी हात जोडून उभी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे नाटक 1882 साली पुण्यात आणलं. मुळात त्यात शंभरावर पदं होती, प्रेक्षक रात्र जागवायचे. आता काटछाट करून तीन तासांत बसवतात, तरी वन्समोअर धरून ठेवा. परतीची गाडी बारालाच आणून उभी करू नका. ड्रायव्हरलाही एक तिकीट काढून दिलंत तर तो हॉर्न वाजवणार नाही. (मी दिलं होतं. दुसऱ्या दिवशी तो मला पदं म्हणून दाखवत होता.)

कथा गाडीतच एकमेकींना सांगून टाका. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायचीय, कृष्णाला अर्जुनाला द्यायचीय, आणि कृष्ण भावाशी भांडत नाही, डाव खेळतो. एवढं ठाऊक असलं की पदातला शब्द निसटला तरी बिघडत नाही.

प्रश्न : मित्रांबरोबर पहिल्यांदाच संगीत नाटक बघितलं. एका पदाला मी मध्येच टाळ्या वाजवल्या, तर शेजारचे आजोबा वळून बघायला लागले. दाद नेमकी कधी द्यायची?
— एक वाचक, कणकवली

उत्तर : तुमच्याकडे दशावतारात लिहिलेली संहिता नसते, संवाद तिथल्या तिथे रंगतो आणि तुम्ही हवं तेव्हा हसता, ओरडता. तीच सवय घेऊन गेलात, त्यात गुन्हा नाही. पण इथे तान चालू असताना टाळी पडली की गाणाऱ्याचं पुढचं वळण बुडतं. तान फिरून मुखड्यावर, म्हणजे पदाच्या सुरुवातीच्या ओळीवर येते, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर तबला पडतो, तिथे ‘वा’ म्हणा. टाळी पद संपल्यावर. वन्समोअर तर फारच आवडलं तरच, प्रत्येक पदाला नव्हे. पुढच्या वेळी त्याच आजोबांच्या शेजारी जागा मिळते का बघा, आणि त्यांची मान कधी हलते तिकडे लक्ष ठेवा.