लंडन दोघांनी पाहायचं तर : वाचकांचे प्रश्न

लंडनला निघालेल्या आणि लंडनहून फसून आलेल्या जोडप्यांच्या पत्रांतले प्रश्न यंदा फिरून तेच आहेत. म्हणून या वेळी सगळं सदर त्याच शहराला दिलं आहे.

आम्ही दोघं जूनमध्ये आठ दिवस जाणार आहोत. एकाच क्रेडिट कार्डावर दोघांचा ट्यूबचा (भुयारी रेल्वेचा) प्रवास होतो का? की ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं लंडनचं प्रवासकार्ड) घ्यावंच लागतं? – वाचक, सांगली

एका कार्डावर दोघं, हे चालत नाही. माणशी एक कार्ड लागतं. ते ऑयस्टर असो की बँकेचं कॉन्टॅक्टलेस, प्रौढांचं भाडं सारखंच पडतं. त्यामुळे दोघांकडे स्वतंत्र व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल तर ऑयस्टरचा वेगळा खर्च नको. ॲड-ऑन कार्ड (एकाच खात्यावर घरातल्या दुसऱ्या माणसासाठी काढलेलं) असेल तर त्याचा नंबर मूळ कार्डापेक्षा वेगळा आहे ना, ते पाहून घ्या. रुपे कार्डाच्या भरवशावर राहू नका.

ट्यूबमध्ये आत जाताना पिवळ्या गोल खुणेवर कार्ड टेकवायचं आणि बाहेर पडतानाही तेच कार्ड टेकवायचं. बसमध्ये मात्र फक्त चढताना. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते इथे: सकाळी कार्ड टेकवलं आणि उतरताना हातात फोन होता म्हणून फोन टेकवला. कार्ड तेच असलं तरी यंत्राच्या लेखी फोन आणि प्लास्टिक ही दोन वेगळी कार्डं. मग दोन अर्धवट प्रवास धरले जातात आणि दोन्हींना कमाल भाडं लागतं. जे पहिल्या दिवशी वापराल, तेच शेवटपर्यंत वापरा. कार्डं एकमेकांत अदलाबदलही करू नका, कारण दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते आणि ती प्रत्येक कार्डापुरती मोजली जाते. आठवड्याची मर्यादा सोमवार ते रविवार अशीच धरतात. गुरुवारी पोहोचून पुढच्या गुरुवारी निघालात तर तो फायदा दोन आठवड्यांत विभागला जातो. तारखा हातात असतील तर रविवारी उतरणं बरं.

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस या दोन्ही गोष्टी चालू केल्या आहेत ना, ते तपासा. भारतीय कार्डांवर त्या बरेचदा बंद असतात आणि ते कळतं थेट गेटवर, मागे रांग उभी असताना.

हीथ्रोवरून दोन मोठ्या बॅगा घेऊन हॉटेलवर कसं जावं? – वाचक, नाशिक

तीन गाड्या आहेत. पिकॅडिली लाइन सगळ्यात स्वस्त, मध्य लंडनला साधारण तासाभरात नेते. एलिझाबेथ लाइन तिच्यापेक्षा महाग, पण पॅडिंग्टनला अर्ध्या तासात पोहोचवते. हीथ्रो एक्स्प्रेसला तेवढ्यासाठी पंधरा मिनिटं लागतात, पण तिचं तिकीट बरंच चढं असतं आणि ते दिवसाच्या मर्यादेतही धरत नाहीत.

दोन बॅगा असतील तर आमचं मत एलिझाबेथ लाइनच्या बाजूने. डबे रुंद आहेत आणि पॅडिंग्टन, टॉटनहॅम कोर्ट रोड, फॅरिंग्डन, लिव्हरपूल स्ट्रीट या सगळ्या स्टेशनांवर प्लॅटफॉर्मपासून रस्त्यापर्यंत लिफ्ट आहे. पिकॅडिली घेतलीत तर कामाच्या दिवशी संध्याकाळी चार ते सात ही वेळ टाळा. सुरुवातीला बसायला जागा मिळते, पण उतरायच्या वेळी दारापर्यंत बॅगा नेणं अवघड होऊन बसतं.

पत्नीचे गुडघे दुखतात. जिने टाळून शहर बघता येईल का? – वाचक, पुणे

येईल, आणि ट्यूबपेक्षा जास्त चांगलं दिसेल. बसनेच फिरा. लंडनच्या सगळ्या बस खालच्या पायरीच्या आहेत आणि थांब्यावर फुटपाथच्या बाजूला झुकतातही. पहिलं कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकाच बसचं लागतं, फक्त प्रत्येक वेळी तेच कार्ड टेकवायचं.

९ नंबरची बस रॉयल अल्बर्ट हॉलवरून हाइड पार्क कॉर्नर, पिकॅडिली करत ट्राफल्गर स्क्वेअरला येते. तिथून १५ नंबर घेतली की फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स कॅथीड्रल आणि टॉवर ऑफ लंडन. फिरत्या पर्यटक बसचं महागडं तिकीट काढण्याआधी या दोन बसमधून एक चक्कर मारून बघा.

ट्यूबने जायचंच तर नकाशावर व्हीलचेअरची खूण असलेली स्टेशनं निवडा. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग पाहून जिन्याकडे वळू नका, १९३ पायऱ्या आहेत. रसेल स्क्वेअरला १७५. सेंट पॉल्समध्ये तळमजल्यावरचं बघून थांबा, कारण घुमटाबाहेरच्या पहिल्या सज्ज्यापर्यंतच ३७६ पायऱ्या चढाव्या लागतात. रविवारी तिथे आणि वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये पर्यटकांना तिकीट मिळत नाही. प्रार्थनेला मात्र कोणीही विनामूल्य बसू शकतं.

महाराजांची वाघनखं आणि कोहिनूर एकाच दिवशी बघता येतील का? – वाचक, सातारा

वाघनखांसाठी लंडनला जाऊ नका. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला दिली आणि पहिल्यांदा ती तुमच्या साताऱ्यातच मांडली गेली. हीच अफझलखानाच्या वेळची आहेत, हे पडताळून सांगता येत नाही असं ते म्युझियम स्वतःच नोंदवतं. ती ग्रँट डफच्या घराण्याकडून आली आहेत. तो साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी होता, एवढा धागा पक्का.

कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे. १९३७ साली घडवलेल्या राणीमातेच्या (दुसऱ्या एलिझाबेथच्या आईच्या) मुकुटात समोरच्या क्रॉसवर तो बसवलेला दिसेल. १८५२ साली नव्याने पैलू पाडताना तो १८६ कॅरटवरून १०५.६ वर आला. मुकुटांसमोरून सरकत्या पट्ट्यावर उभं राहून जावं लागतं, फोटो काढू देत नाहीत. म्हणून दार उघडताच बाकी सगळं सोडून आधी ज्वेल हाउस (मुकुट ठेवलेली इमारत) गाठा. अकरानंतर बाहेरच्या रांगेतच वेळ जातो.

टिळक आणि बाबासाहेब लंडनमध्ये राहिले ती घरं बघायची आहेत. एका दिवसात जमेल? – वाचक, नागपूर

अर्ध्या दिवसात जमेल, आणि वाटेत लंडनचा एक सुंदर तुकडाही पायाखालून जाईल. ही वाट आम्ही सगळ्या जोडप्यांना आग्रहाने सांगतो.

बेकरलू लाइनने वॉरिक ॲव्हेन्यूला उतरा. लिटल व्हेनिसचा कालवा ओलांडला की जवळच १०, हाउली प्लेस. इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी टिळक विलायतेला गेले, तेव्हा १९१८-१९ मध्ये ते इथे राहिले. भिंतीवर निळी गोल पाटी आहे. घर खासगी आहे, तेव्हा फुटपाथवरूनच नमस्कार करा, घंटी वाजवू नका.

परत कालव्याशी या आणि पूर्वेकडे निघा. इथे बरेच जण चुकतात. पुढे कालवा बोगद्यात शिरतो आणि बोगद्यातून चालायची वाट नाही. वर रस्त्याने एजवेअर रोड ओलांडून ॲबर्डीन प्लेसने सरळ जायचं, त्याच्या टोकाला खाली उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. तिथून काठची वाट पुन्हा सुरू होते. सायकली मागून येतात, दोघांनी शेजारी शेजारी न चालता एकामागे एक चाला.

रीजंट्स पार्कजवळ मॅकल्सफील्ड ब्रिज लागेल. १८७४ मध्ये दारूगोळा नेणाऱ्या बोटीचा इथे स्फोट होऊन पूल उडाला. पुन्हा बांधताना तेच लोखंडी खांब वळवून बसवले. घोडे बोटी ओढायचे तेव्हा दोर घासून खांबांवर खाचा पडायच्या. खांब फिरवल्यामुळे त्या आता दोन्ही अंगांना दिसतात. खाचेत बोट फिरवून बघा, पेरभर आत जातं.

प्राणिसंग्रहालय ओलांडलं की वर रस्त्यावर या आणि प्रिमरोझ हिल चढा. चढ जेमतेम दहा मिनिटांचा, पण माथ्यावरून सेंट पॉल्सपर्यंतचं शहर समोर येतं. पलीकडे उतरलं की १०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केलं. प्रवेश विनामूल्य आहे. त्या दिवशीची वेळ सकाळीच पाहून निघा आणि तिथे किमान तासभर द्या. परतायला चॉक फार्म स्टेशन जवळ आहे. सगळं मिळून चालणं चार-पाच किलोमीटर, थांबत थांबत साडेतीन तास.

आम्ही अंडंही खात नाही. जेवणाचे हाल होतील का? – वाचक, जळगाव

हाल होणार नाहीत, पण पाकीट वाचायची सवय लावावी लागेल. तिथे 'व्हेजिटेरियन' लिहिलेल्या पदार्थात अंडं चालतं. 'व्हीगन' लिहिलं असेल तर अंडं नाही आणि दूधही नाही. घटकांच्या यादीत अंडं, दूध, शेंगदाणे हे शब्द ॲलर्जीच्या कायद्यामुळे ठळक छापलेले असतात, ते दोन सेकंदांत सापडतात. युस्टन स्टेशनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळ, डोसा, शाकाहारी थाळी मिळते. बिलात १२.५ टक्के सेवाशुल्क धरलेलं असलं तर वर टीप ठेवू नका. पाणी 'टॅप वॉटर' म्हणून मागा, नाहीतर बाटली येते आणि तिचे पैसे लागतात. घरून चिवडा, चकली, मेथीचे ठेपले न्या. पेढे, बर्फी, तूप, पनीर नेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

लंडनहून एक दिवस पॅरिस करावं का? ब्रिटनचा व्हिसा चालतो ना? – वाचक, ठाणे

नाही चालत. फ्रान्सला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) वेगळा लागतो. युरोस्टार रेल्वे सव्वादोन तासांत पोहोचवते हे खरं, पण फ्रेंच पासपोर्ट तपासणी लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरच होते, म्हणजे व्हिसा नसेल तर गाडीतही बसता येणार नाही. दोघांचे शेंगेनचे अर्ज भारतातूनच करून निघा, आणि ब्रिटनच्या व्हिसासाठी पासपोर्ट जमा असेल तर त्या काळात दुसरा अर्ज करता येत नाही हे धरून तारखा ठरवा.