१९७१ चा टॉप्स बेसबॉल सेट एकेक कार्ड जमवून लावावा की पूर्ण सेट विकत घ्यावा?

टॉप्स म्हणजे बेसबॉलपटूंची चित्रकार्डं छापणारी अमेरिकन कंपनी, आणि सेट म्हणजे तिने त्या वर्षी काढलेली सगळी कार्डं. तुमच्याकडे त्यातली शंभरेक आहेत, घाई नाही, आणि दोन्हींत स्वस्त काय पडेल असं तुम्ही विचारलंय. स्वस्त पडतो तो पूर्ण सेट. तरीही मी तो घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नये असं मला वाटतं.

मी न्यू जर्सीत राहतो. बेसबॉल कळायला लागला तेव्हा चाळिशी उलटली होती. लहानपणी सांगलीत बिग फन च्युइंगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं जमवायचो, तोच किडा इकडे पुन्हा वळवळला. हाच १९७१ चा सेट लावायला मला सहा वर्षं लागली. त्यातली दोन तरी माझ्या मूर्खपणाची.

मूर्खपणा असा की मी स्वस्त कार्डं आधी घेत सुटलो. सेट ७५२ कार्डांचा. त्या काळी टॉप्स सगळी कार्डं एकदम बाजारात आणत नसे, हंगामभर टप्प्याटप्प्याने आणायची. ६४४ ते ७५२ हा शेवटचा टप्पा आला तोवर पोरांचं लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे वळलेलं, दुकानदारांनीही माल कमी मागवलेला. त्यामुळे ही १०९ कार्डं, ज्यांना सगळे ‘हाय नंबर’ म्हणतात, मुळातच कमी उरली. कोणाच्या लक्षातही नसलेला एखादा राखीव खेळाडू केवळ हाय नंबरात आहे म्हणून भाव खातो. ७०९ नंबरच्या कार्डावर तर तीन नवखे एकत्र आहेत, त्यात पुढे नाव काढलेले डस्टी बेकर आणि डॉन बेलर. त्याची किंमत पाहून मी लॅपटॉप मिटून चहा करायला गेलो होतो.

मी मात्र आधीची सहाशे कार्डं एकेक करून मागवली. डॉलरभराचं कार्ड आणि त्याहून जास्त टपालखर्च. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! बाइंडर भरत होतं म्हणून खूश होतो, पण पैशांच्या हिशोबाने अर्ध्यावरही पोचलो नव्हतो.

म्हणून उलटं करा. साधी कार्डं, म्हणजे कॉमन, गठ्ठ्याने घ्या आणि महागडी एकेक निवडून. असे गठ्ठे मिळतात, कारण हल्ली बरेच डीलर जुना सेट हाती आला की तो फोडतात: क्लेमेंटे, नोलन रायन, ॲरन, मेज अशा बड्या खेळाडूंची कार्डं ग्रेडिंगला, म्हणजे अवस्था तपासून दर्जा ठरवून घ्यायला, पाठवून प्लास्टिकच्या डबीत बंद करून विकायची, आणि उरलेली चार-पाचशे ‘स्टार्टर सेट’ म्हणून एकत्र काढून टाकायची. तो उरलेला माल तुमच्या कामाचा. कार्ड शोला, म्हणजे कार्डांच्या विक्री-मेळ्याला, शेवटच्या दिवशी दुपारी जा. खोकी परत गाडीत चढवायचा कंटाळा आलेला डीलर भावात बराच खाली येतो.

पूर्ण सेट का नको? या सेटची काळी किनार. जरा घासलं की काळा रंग उडून खालचा पांढरा पुठ्ठा दिसतो. विक्रेता वर्णनात ‘उत्तम’ लिहितो ते सरासरीने. साडेसहाशे कॉमन खरंच उत्तम असतात, आणि ज्या तीस-चाळीस कार्डांत सेटची निम्मी किंमत असते नेमकी तीच मार खाल्लेली. मी एकदा एका विक्रेत्याकडून अर्धा सेट घेतला. थर्मन मनसनचं ५ नंबरचं आडवं कार्ड, होमप्लेटवर धूळ उडतेय ते, फोटोत नवंकोरं दिसत होतं. हातात आल्यावर कडेने उजेडात धरलं तर पुठ्ठ्याच्या जाडीतही काळी शाई उतरलेली. कोणीतरी मार्करने किनार रंगवली होती. पैसे परत मिळाले, पण महिनाभर भांडून. कार्ड नेहमी कडेने बघा, आणि अडीच बाय साडेतीन इंच भरतंय का तेही एखाद्या कॉमन कार्डाशी जुळवून बघा. कोपरे टोकदार दिसावेत म्हणून कडा कापलेलीही सापडतात.

चेकलिस्टची कार्डं, म्हणजे सेटमधल्या कार्डांची यादी छापलेली, विसरू नका. मुलांनी त्यांवर पेनने खुणा केल्या, त्यामुळे कोरी मिळणं कठीण, आणि ‘पूर्ण’ म्हणून विकलेल्या सेटमध्ये हमखास खुणा केलेलीच घातलेली असतात. १ नंबरचं ओरिओल्स संघाचं कार्डही तपासा. गठ्ठ्याला रबरबँड लावायचे, तो वरच्या कार्डालाच कापायचा.

१९७४ पासून टॉप्सने सगळी कार्डं एकदमच काढायला सुरुवात केली. तिथे हाय नंबरची भानगड नाही, म्हणून १९७५ चा ६६० चा सेट मी डोळे झाकून नाही, पण एक डोळा झाकून आख्खाच घेतला. त्यातली जॉर्ज ब्रेट आणि रॉबिन यूंट या पुढे गाजलेल्या खेळाडूंची पहिली कार्डं तेवढी भिंगाखाली पाहिली.

तुम्हाला न मिळालेल्या नंबरांची यादी खाली टाका. माझ्याकडे १९७१ ची दोनेकशे कार्डं दुबार पडून आहेत, टपालखर्चात देईन. ६४४ च्या पुढचं मात्र एकही मागू नका.