दरडोईतला ‘दर’ भावाचा नव्हे

विचारणा अशी: ‘मुंबईचे प्रतिव्यक्ती दरडोई उत्पन्न’ असं एका बातमीत वाचलं. हे बरोबर आहे का? आणि त्यावरून मुंबई-पुण्याची तुलना करता येईल का?

प्रतिव्यक्तीचं काय घेऊन बसलात! परवा एका वृत्तनिवेदकाने ‘मुंबईचं एकूण दरडोई उत्पन्न’ म्हटलं. एकूण, आणि वर दरडोई!

डोई म्हणजे डोकं, हे सांगायला नको. खरी गंमत ‘दर’मध्ये आहे. हा भावाचा दर नव्हे. फारसीत ‘दर’ म्हणजे ‘मध्ये’. महिन्यामध्ये मिळणारा पगार तो दरमाहा, त्याचं आपलं दरमहा, आणि ‘दर’ला ‘प्रत्येक’चा अर्थ चिकटला. मग दरसाल, दररोज, बखरींतलं ‘दरकूच दरमजल’. हा ‘दर’ मुळात ‘अंदर’, पुढचा ‘अं’ गळून उरलेला. आणि ‘अंदर’ संस्कृत ‘अंतर्’चा भाऊ. म्हणजे दादरला डब्याच्या दारात लटकून ‘अंदर चलो’ ओरडणाऱ्याच्या तोंडी जो शब्द, तोच सरकारी अहवालात! दरवाजातला ‘दर’ मात्र निराळ्या कुळातला, तो ‘द्वार’चा भाऊ.

प्रत्येक अर्थाच्या ‘हर’चाच ‘दर’ झाला, असं ठासून सांगणारे कोशप्रेमी भेटतात. मग हरएक आणि हरहुन्नरी शाबूत कसे राहिले? ‘दरमाहा’ आयता मिळत असताना ‘ह’चा ‘द’ करण्याची खटपट कोणी केली? दरडोई काढून ‘प्रतिशीर्ष’ बसवू पाहणाऱ्या शुद्धिवाल्यांची तऱ्हा याहून न्यारी. ‘अंतर्’चा भाऊ परका म्हणून हाकलायचा!

तुलनेचं म्हणाल तर तिथे घोळ डोईचा आहे. दरडोई उत्पन्न म्हणजे तिथलं उत्पादन भागिले तिथल्या डोया. पण उत्पादन मोजतात काम होतं तिथे, डोया मोजतात राहत्या घरी. डोंबिवलीची डोई दिवसभर फोर्टात राबते. तिथलं उत्पादन मुंबईच्या खात्यात, ती स्वतः मात्र ठाणे जिल्ह्याच्या भाजकात. आपल्याकडे राज्य सरकारचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय अंदाज काढतं ते जिल्ह्यांचे, त्यामुळे मुंबईचा आकडा फुगतो आणि ठाण्याचा दबतो. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईत १ कोटी २४ लाख माणसं. ठाणे-कल्याणसह सगळा नागरी समूह धरला तर १ कोटी ८४ लाख. कितीने भागणार? ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक संघटना शहराची हद्द ठरवते ती लोकांची ये-जा पाहून: एखाद्या गावातले किमान १५ टक्के नोकरदार मुख्य शहरात कामाला जात असतील, तर ते गाव त्या शहराच्या आवाक्यात. अमेरिकेत कौंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, शहराला जोडायला हीच अट २५ टक्क्यांची. आपला मुंबई महानगर प्रदेश मात्र सरकारने नकाशावर रेघ ओढून ठरवलेला. पुण्याचा म्हणून जिल्ह्याचा आकडा घ्याल तर त्यात जुन्नर-भोरची भातखाचरंही आली. मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांत शेतकरी शोधायला कुठे जाणार?

हां, तुमच्या बातमीतलं ते ‘प्रतिव्यक्ती’ खोडा. दरडोई पुरे.